मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पुन्हा धूसर दिसतंय: पिशवी गढूळ झाली की लेन्स? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर वर्ष-दोन वर्षं, कधी पाच-सात वर्षं छान दिसतं आणि मग हळूहळू धुकं यायला लागतं. घरात म्हणतात, "मोतीबिंदू परत आला." दवाखान्यात बहुतेकदा ऐकायला मिळतं, "पडदा आलाय, लेझर करून टाकू." बहुतेक रुग्णांच्या बाबतीत दवाखान्यातलं निदान बरोबर असतं. थोड्यांच्या बाबतीत मात्र डोळ्यात बसवलेली लेन्सच गढूळ झालेली असते. त्यांना लेझरचा काही उपयोग होत नाही, आणि ते केल्यामुळे पुढचा खरा उपाय अवघड होऊन बसतो. हे पान मुख्यतः त्या थोड्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी लिहिलं आहे. निदान मात्र डोळा तपासूनच होतं.

मोतीबिंदू परत होतो का?

नाही. मोतीबिंदू म्हणजे आपलं जन्मजात भिंग गढूळ होणं, आणि ऑपरेशनमध्ये ते भिंग काढूनच टाकलेलं असतं. त्याच्या भोवतीची पातळ, पारदर्शक पिशवी मात्र जागेवर ठेवतात आणि कृत्रिम लेन्स त्या पिशवीत बसवतात.

मग पुन्हा धूसर का दिसतं?

कारणं बरीच आहेत. चष्म्याचा नंबर बदललेला असतो, डोळे कोरडे पडलेले असतात, बुबुळाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाला (कॉर्नियाला), सूज आलेली असते. मधुमेहामुळे किंवा वयामुळे रेटिना, म्हणजे डोळ्याच्या आतला मागचा पडदा, खराब झालेला असू शकतो. काचबिंदू असू शकतो. ही सगळी कारणं तपासून बाजूला काढल्यावर दोन उरतात: लेन्समागची पिशवी गढूळ होणं आणि खुद्द लेन्स गढूळ होणं. पहिलं अगदी नेहमीचं, दुसरं विरळ. दोन्हींत रुग्णाला जाणवतं ते जवळजवळ सारखंच, म्हणून गफलत होते.

'लेन्सच्या मागे पडदा आला' म्हणजे नेमकं काय होतं?

ऑपरेशनमध्ये कितीही काळजी घेतली तरी मूळ भिंगाच्या काही पेशी पिशवीच्या कडेला चिकटून राहतात. त्या वाढतात आणि पिशवीच्या मागच्या भिंतीवरून मध्याकडे सरकतात. कुठे मोत्यांसारखे दाणे तयार होतात, कुठे पिशवीला सुरकुत्या पडतात. त्यामुळे लेन्स स्वच्छ असूनही तिच्या मागची भिंत धूसर होते.

हे किती जणांना होतं? अनेक अभ्यास एकत्र करून १९९८ मध्ये काढलेला अंदाज ऑपरेशननंतरच्या ५ वर्षांत सुमारे २८ टक्के इतका होता. त्यानंतर लेन्सच्या मागच्या कडा गोलसर न ठेवता चौकोनी, धारदार करण्यात आल्या. अशी कड पिशवीला घट्ट टेकते आणि सरकणाऱ्या पेशी तिथेच अडतात. त्यामुळे प्रमाण बरंच खाली आलं, पण त्रास संपलेला नाही.

त्यावरचं लेझर सुरक्षित असतं का?

होय, योग्य रुग्णात हा फार चांगला उपाय आहे. याग लेझरने पिशवीच्या मागच्या भिंतीला मध्यभागी छोटी खिडकी पाडतात. चिरा नाही, टाका नाही, काही मिनिटांत होतं आणि त्याच दिवशी घरी जाता येतं. १९८० च्या सुमारास पॅरिसच्या डॅनिएल आरॉन-रोझा आणि बर्नचे फ्रांझ फँकहाउझर यांनी हे तंत्र स्वतंत्रपणे पुढे आणलं. त्याआधी यासाठी डोळ्यात पुन्हा शस्त्र घालावं लागायचं.

धोके थोडे आहेत, पण आहेत. डोळ्यातला दाब काही काळ वाढू शकतो, डोळ्यांसमोर ठिपके तरंगतात, रेटिनाला सूज येऊ शकते. क्वचित रेटिना जागेवरून सुटते. जास्त उणे नंबर असलेल्यांना हा शेवटचा धोका अधिक. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाडलेली खिडकी परत बुजवता येत नाही.

पण प्लॅस्टिकची लेन्स गढूळ कशी होईल?

लेन्स कशाची बनली आहे यावर ते अवलंबून आहे, आणि त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांचं छत पर्स्पेक्स या पारदर्शक प्लॅस्टिकचं असे. गोळीबारात ते फुटून त्याचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत जात. डॉ. हॅरोल्ड रिडली यांना दिसलं की हे कण डोळा बऱ्यापैकी निमूट सहन करतो. त्याच जातीच्या प्लॅस्टिकची लेन्स घडवून २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये त्यांनी ती पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात बसवली. समकालीन डॉक्टरांनी त्यांच्यावर कडाडून टीका केली. पुढे १९९० मध्ये त्याच हॉस्पिटलमध्ये रिडलींच्या स्वतःच्या डोळ्यात अशी लेन्स बसवली गेली.

ते प्लॅस्टिक म्हणजे पीएमएमए. ते टणक असतं, दुमडत नाही, त्यामुळे डोळ्याला मोठी चीर द्यावी लागते. चीर लहान व्हावी म्हणून दुमडता येणाऱ्या लेन्स आल्या, आधी सिलिकॉनच्या आणि मग ॲक्रिलिकच्या. ॲक्रिलिकमध्ये दोन घराणी आहेत. हायड्रोफोबिक म्हणजे पाणी जवळजवळ न शोषणारी, आणि हायड्रोफिलिक म्हणजे स्वतःत पाणी धरून ठेवणारी. हायड्रोफिलिक लेन्समध्ये वजनाच्या साधारण १८ ते २६ टक्के किंवा त्याहून अधिक पाणी असतं. त्यामुळे ती मऊ असते, अगदी छोट्या चिरेतून जाते, बनवायला सोपी आणि सहसा स्वस्त पडते. तिची अडचणही त्या पाण्यातूनच येते.

हायड्रोफिलिक लेन्समध्ये नेमकं काय साचतं?

कॅल्शियम आणि फॉस्फेटचे क्षार. डोळ्याच्या पुढच्या भागात सतत एक स्वच्छ द्रव तयार होत असतो आणि त्यात हे दोन्ही विरघळलेले असतात. पाणी धरणाऱ्या लेन्समध्ये हा द्रव आत झिरपतो. परिस्थिती जुळली तर क्षारांचे बारीक कण लेन्सच्या पृष्ठभागावर किंवा पृष्ठभागाच्या जरा खाली बसतात, किटलीच्या तळाशी क्षार बसतो तसे. कण जमत गेले की लेन्स दुधट दिसू लागते.

परिस्थिती जुळण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात दोष लेन्समध्ये किंवा तिच्या पॅकिंगमध्ये असतो. १९९० च्या दशकाच्या शेवटी वापरात असलेल्या हायड्रोव्ह्यू लेन्स हे याचं प्रसिद्ध उदाहरण. ऑपरेशननंतर साधारण एक-दोन वर्षांत त्या गढूळ होऊ लागल्या. शोध घेतल्यावर संशय डबीतल्या सिलिकॉनच्या कड्यावर आला. त्यातलं सिलिकॉन लेन्सवर उतरत होतं आणि क्षारांना बसायला जागा मिळत होती, म्हणून पॅकिंग बदलावं लागलं. २०१७ मध्ये युरोपातल्या ऑक्युलेंटिस कंपनीलाही आपल्या लेंटिस या हायड्रोफिलिक लेन्सचे साठे परत मागवावे लागले. म्हणजे हे जुन्या काळातच घडलं आणि संपलं, असं नाही.

दुसऱ्या मार्गात लेन्स निर्दोष असते, पण डोळ्यातलं वातावरण बदलतं. दीर्घकाळची आतली सूज, पुन्हा पुन्हा झालेल्या शस्त्रक्रिया, डोळ्यात भरलेली हवा किंवा गॅस ही त्याची कारणं. मधुमेह असलेल्यांमध्येही लेन्सवर क्षार बसल्याच्या नोंदी अधिक आहेत.

म्हणजे बाबांनी कॅल्शियमच्या गोळ्या आणि दूध बंद करायचं?

अजिबात नको. खाण्यातल्या कॅल्शियममुळे लेन्स गढूळ होत नाही. गोळ्या बंद केल्याने लेन्स स्वच्छ होणार नाही, हाडं मात्र ठिसूळ होतील.

आईचं आता बुबुळ प्रत्यारोपण करायचं आहे. आधी बसवलेल्या लेन्सला धोका आहे का?

हा प्रश्न ऑपरेशनच्या आधी विचारला जावा, असं मला मनापासून वाटतं. हल्ली बऱ्याचदा पूर्ण बुबुळ न बदलता त्याचा फक्त आतला पातळ थर बदलतात. हा थर जागेवर चिकटावा म्हणून डोळ्यात हवेचा किंवा गॅसचा बुडबुडा सोडतात. डोळ्यात हायड्रोफिलिक लेन्स असेल, तर पुढच्या महिन्या-वर्षांत तिच्या पुढच्या पृष्ठभागावर, बरोबर बाहुलीच्या समोरच्या भागात, क्षार बसल्याची बरीच उदाहरणं नोंदली गेली आहेत. बुडबुडा पुन्हा भरावा लागला तर शक्यता वाढते. रेटिनाच्या ऑपरेशनमध्ये गॅस भरल्यावरही असं होऊ शकतं.

प्रत्यारोपण गरजेचं असेल तर या भीतीने ते टाळू नये. पण ज्यांचं बुबुळ आधीपासून कमजोर आहे, किंवा मधुमेहामुळे पुढे रेटिनाचं ऑपरेशन लागू शकतं, त्यांना मोतीबिंदूच्या वेळीच हायड्रोफोबिक लेन्स बसवणं शहाणपणाचं.

गढूळपणा पिशवीत आहे की लेन्समध्ये, हे डॉक्टर कसं ओळखतात?

थेंब घालून बाहुली पूर्ण मोठी करायची आणि स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, सावकाश पाहायचं. त्याच्या प्रकाशाच्या पातळ पट्टीत लेन्सचा पुढचा पृष्ठभाग, मागचा पृष्ठभाग आणि त्यामागची पिशवी हे थर वेगवेगळे दिसतात. लेन्स गढूळ असेल तर बारीक कणांचा, बहुधा एकसारखा धूसरपणा लेन्सच्याच पातळीवर असतो आणि कधी तो लेन्सच्या पायांपर्यंत, म्हणजे तिला पिशवीत धरून ठेवणाऱ्या बारीक टोकांपर्यंत, पसरलेला असतो. पिशवी गढूळ असेल तर दाणे आणि सुरकुत्या लेन्सच्या मागे, ठिकठिकाणी कमीजास्त दिसतात. शंका उरली तर डोळ्याच्या पुढच्या भागाचा ओसीटी स्कॅन (आतले थर छेदासारखे दाखवणारी तपासणी) मदतीला येतो.

तिसरी एक शक्यताही आहे. लेन्स आणि पिशवी यांच्या मधल्या जागेत दुधासारखा द्रव साठतो. वरवर पाहता लेन्सच गढूळ झाल्यासारखी दिसते, पण तिथे लेझरने पिशवी उघडली की द्रव निघून जातो आणि नजर सुधारते.

ही सगळी पारख करायला बाहुली मोठी करावी लागते आणि वेळ द्यावा लागतो. गर्दीच्या ओपीडीत बाहुली न वाढवता, घाईत पाहिलं की नेहमीचं निदान तोंडी येतं.

तक्त्यावर ६/९, म्हणजे जवळजवळ शेवटच्या ओळींपर्यंत, वाचता येतं, तरी बाबा म्हणतात काही नीट दिसत नाही. ते बरोबर सांगतायत का?

बरोबर सांगतायत. तपासणीचा तक्ता म्हणजे अंधारलेल्या खोलीत पांढऱ्यावर काळीभोर अक्षरं. गढूळ लेन्स प्रकाश विखुरते, आणि सुरुवातीला ते तक्त्यावर पकडलं जात नाही. ते कळतं रात्री समोरून गाडीचे दिवे आले की, दुपारच्या उन्हात रस्ता पांढरा पडला की, संध्याकाळी जिन्याची पायरी पायरीत मिसळली की. "सगळ्यावर दुधाची साय धरल्यासारखं", "काचेवर वाफ आहे, पुसली जात नाही" असं रुग्ण सांगतात. तेच शब्द डॉक्टरांना सांगा. चकाकीचा त्रास वेगळा सांगा आणि तो केस पेपरवर लिहून घ्या.

लेझर करायला सांगितलं आहे. आधी काय विचारावं?

सरळ विचारा: "डॉक्टर, गढूळपणा पिशवीत आहे, लेन्समध्ये आहे की दोन्हीकडे?" बाहुली मोठी करून पाहिल्यावर "पिशवीत, लेन्स स्वच्छ आहे" असं उत्तर आलं, तर निर्धास्तपणे लेझर करून घ्या. उत्तर डळमळीत वाटलं तर थांबा आणि दुसऱ्या नेत्रतज्ज्ञांचं मत घ्या. या आजारात आठवडा-दोन आठवड्यांनी काही बिघडत नाही.

एवढा आग्रह धरण्याचं कारण असं. लेन्स गढूळ असेल तर ती काढून दुसरी बसवावी लागते. पिशवी अखंड असेल तर नवी लेन्स बऱ्याचदा तिच्यातच बसते. लेझरने पिशवी आधीच फोडलेली असेल तर जुनी लेन्स काढताना डोळ्याच्या मागच्या भागातला जेलीसारखा पदार्थ पुढे येतो. तो यंत्राने कापून साफ करावा लागतो, नवी लेन्स पिशवीत नीट टेकत नाही आणि रेटिनाचा धोका वाढतो. काही मिनिटांच्या निरुपयोगी लेझरपायी सोपं ऑपरेशन अवघड होतं.

लेझर होऊन गेलं आणि फरक पडला नाही. आता?

पुन्हा लेझर करून घेऊ नका. आधी लेन्स तपासून घ्या. रेटिनाचा ओसीटीही करा, कारण खरं कारण तिथेही असू शकतं. लेन्स गढूळ निघाली तरी वाट बंद झालेली नाही. फक्त असं ऑपरेशन नेहमी करणाऱ्या, रेटिनातज्ज्ञ सोबत असलेल्या केंद्रात जा.

थेंब, औषध किंवा आयुर्वेदिक उपायाने लेन्स साफ होते का?

नाही. क्षार लेन्सच्या पृष्ठभागावर किंवा आत घट्ट बसलेले असतात. कोणताही थेंब ते विरघळवत नाही, आणि लेझरने ते खरवडून निघत नाहीत.

लेन्स बदलण्याचं ऑपरेशन किती मोठं असतं?

मोतीबिंदूच्या ऑपरेशनपेक्षा नक्कीच मोठं. वर्षानुवर्षं पिशवी लेन्सला घट्ट कवटाळून बसलेली असते. सर्जन बाहेरून एक जेलसारखा पदार्थ मधे सोडून लेन्सला हलक्या हाताने सोडवतात, मग लेन्स डोळ्यातच कापून तुकडे बाहेर काढतात. लेन्सचे पाय पिशवीच्या कडेला रुतले असतील तर कधी ते कापून तिथेच ठेवतात.

पिशवी शाबूत असेल तर नवी लेन्स पिशवीत, नाहीतर पिशवीच्या पुढच्या खाचेत बसवतात. आधारच उरला नसेल तर लेन्स डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीत रोवतात किंवा बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला अडकवतात. या कामात भारतीय सर्जनांचं योगदान मोठं आहे. अमृतसरच्या डॉ. दलजित सिंग यांनी रंगीत पडद्याला धरून राहणाऱ्या लेन्सचा मोठ्या प्रमाणावर वापर केला. चेन्नईच्या डॉ. अमर अगरवाल यांनी २००७ मध्ये लेन्सचे पाय भिंतीत रोवून वर जैविक गोंद लावण्याची पद्धत आणली.

काढलेली लेन्स फेकू देऊ नका. ती प्रयोगशाळेत पाठवता येते का, ते विचारा. अलिझरिन रेड नावाच्या रंगाने कॅल्शियम लाल दिसतं आणि निदानावर शिक्कामोर्तब होतं.

आजींचं वय ८२ आहे. करायलाच हवं का?

नाही. त्यांना स्वयंपाकघरात वावरता येत असेल, पोथी वाचता येत असेल, दुसऱ्या डोळ्याने नीट दिसत असेल, तर थांबण्यात काहीच चूक नाही. गढूळ लेन्स डोळ्याला इजा करत नाही, ती फक्त नजर अडवते. पण धडपडायला लागल्या असतील तर वयाचं कारण देऊन त्यांना अंधारात ठेवू नका. निर्णय त्यांच्या रोजच्या जगण्याकडे बघून घ्या.

तपासणीत लेन्समध्ये चमचमणारे ठिपके दिसले म्हणे. तेही तेच का?

बहुधा नाही. हायड्रोफोबिक लेन्समध्ये पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब अडकून प्रकाशात चमकतात, त्यांना ग्लिस्टनिंग म्हणतात. डॉक्टरांना ते ठळक दिसतात, रुग्णाला सहसा काहीच जाणवत नाही. त्यासाठी लेन्स बदलायची वेळ फार क्वचित येते.

जुन्या, न दुमडणाऱ्या लेन्समध्ये काय होतं?

पीएमएमए अत्यंत टिकाऊ आहे. १९८० आणि ९० च्या दशकांत बसवलेल्या काही लेन्समध्ये मात्र दहाएक वर्षांनंतर हिमकणांसारखे डाग उमटलेले आढळले. सिलिकॉनच्या लेन्सवर क्षार बसतात ते प्रामुख्याने अशा डोळ्यांत, जिथे मागच्या जेलीत आधीपासून कॅल्शियमयुक्त पांढरे कण तरंगत असतात.

महागडी, इंपोर्टेड लेन्स घेतली की हा धोका टळतो का?

किमतीवरून किंवा देशावरून काही ठरत नाही. वर सांगितलेल्या दोन्ही लेन्स परदेशीच होत्या. मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून देशातच लेन्स बनवायला घेतल्या आणि त्यामुळे लेन्स गरिबांच्या आवाक्यात आल्या. स्वस्त म्हणजे हलकी, हा समज सोडा.

विचारायचं ते मटेरियल. "हायड्रोफोबिक आहे का?" एवढंच विचारून थांबू नका, कारण काही लेन्स आतून हायड्रोफिलिक असतात आणि फक्त त्यांचा पृष्ठभाग हायड्रोफोबिक असतो. माहितीपत्रकावर तोच शब्द ठळक छापलेला असतो. "पूर्ण लेन्स हायड्रोफोबिक आहे की फक्त पृष्ठभाग?" असं विचारा. हायड्रोफिलिक लेन्स बसलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही, तेव्हा आधीच बसली असेल तर घाबरून जाऊ नका.

एका डोळ्यातली लेन्स गढूळ झाली. दुसऱ्या डोळ्यातलीही होईल?

होईलच असं नाही. पण दोन्हीकडे एकाच मॉडेलची लेन्स असेल तर दुसऱ्या डोळ्याची तपासणी नियमित करा, आणि त्या डोळ्यात काही दिसू लागलं तर लेझरची घाई करू नका. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर पहिल्या डोळ्याची हकिकत सर्जनला आवर्जून सांगा.

लहान मुलांचं काय?

मुलांमध्ये पेशी फार जोमाने वाढतात, त्यामुळे पिशवी गढूळ होणं जवळजवळ ठरलेलंच असतं. म्हणून लहान मुलांत मूळ ऑपरेशनच्या वेळीच पिशवीच्या मागच्या भिंतीला खिडकी पाडून ठेवतात. मुलाची नजर घडत असते, तिथे महिनाभराचा उशीरही महागात पडतो.

कोणत्या लक्षणांत थांबायचंच नाही?

अचानक नजर गेली, डोळा लाल होऊन ठणकू लागला, विजेसारखे झोत दिसू लागले, काळे ठिपके एकाएकी वाढले किंवा बाजूने काळा पडदा सरकत आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. लेन्स किंवा पिशवी गढूळ झाल्याने यातलं काहीही होत नाही, कारण वेगळं आणि तातडीचं असतं.

लेन्समध्येच दोष असेल तर कळवायचं कुठे?

आधी ऑपरेशन केलेल्या सर्जनना कळवा. एकाच साठ्यातल्या अनेक लेन्स गढूळ होत असतील तर ते सगळ्यात आधी त्यांनाच दिसतं. शिवाय आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा सरकारी कार्यक्रम जुलै २०१५ पासून सुरू आहे. गाझियाबादचा इंडियन फार्माकोपिया कमिशन तो चालवतो. तिथे डॉक्टरांप्रमाणे रुग्णही फॉर्म भरू शकतो. हायड्रोव्ह्यूचा प्रकार उघड झाला तो डॉक्टरांनी एकेक रुग्ण नोंदवला म्हणूनच.

लेन्सचं स्टिकर सापडत नाही. आता मॉडेल कसं कळणार?

लेन्सच्या डबीतलं स्टिकर सहसा डिस्चार्ज कार्डावर किंवा रुग्णाच्या पुस्तिकेत चिकटवलेलं असतं. त्यावर कंपनी, मॉडेल, पॉवर, सिरीयल नंबर आणि मुदत असते. हरवलं असेल तर ऑपरेशनची तारीख आणि नोंदणी क्रमांक घेऊन त्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात जा. स्टिकरची एक प्रत त्यांच्या केस पेपरवरही असते. शिबिरात ऑपरेशन झालं असेल तर शिबिर भरवणाऱ्या संस्थेऐवजी ऑपरेशन जिथे झालं त्या हॉस्पिटलकडे चौकशी करा. मिळालं की मोबाइलवर फोटो काढा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाकडे तरी तो पाठवून ठेवा.